दोन सेल आणि एक पायडल

अक्का : बंद कर ठिणग्या, पुरे झालं. सव्वा तास झाला, करंगळीसुद्धा हलली नाही माझी.

ठिणग्या : शेवटचं, अक्का. अगदी शेवटचं. आता चार सेल घातलेत. मघाशी दोन होते.

अक्का : काल तीन होते ना?

ठिणग्या : तीन परवा. काल सर्किटच बदललं. हात सैल सोड. सोडलास? बटण पूर्ण वर नेलंय. देतो हं आता.

अक्का : दे.

ठिणग्या : दिला.

अक्का : कुठे दिलास? शेजारी?

ठिणग्या : काहीच नाही? थोड्या तरी मुंग्या?

अक्का : एखादी आली असेल चुकून. तीही परत गेली.

ठिणग्या : असं होईलच कसं! माझ्या दुकानात, टेबलावर फर्स्ट क्लास चालतं. हे बघ. ही माझी टेबलावरची अक्का.

अक्का : हे? तांदळाएवढं?

ठिणग्या : रेझिस्टर आहे तो. माणसाचं अंग विजेला जेवढं अडवतं ना, साधारण तेवढंच हा अडवतो. म्हणून तुझ्या हाताच्या आधी ह्याला जोडून बघतो. कागदाची पट्टी लावून नावही लिहिलंय, 'अक्का'. एकदम गुणी आहे. दोन सेलवर मुकाट्यानं काम करते.

अक्का : मग तिलाच बसव कापड कापायला.

व्यायामबाई : येऊ का आत? दार उघडंच होतं.

अक्का : ये गं, व्यायामबाई, ये. बस त्या स्टुलावर. हा माझा धाकटा भाऊ गेले तीन आठवडे मला शॉक देतोय आणि मला त्याचा पत्ताच नाही.

ठिणग्या : शॉक नाही म्हणायचं, अक्का. मॅडम घाबरतील.

अक्का : ती कशाला घाबरेल? तुझं नाव ठिणग्या का पडलं ते तिला कुठे ठाऊक आहे? अगं, पाच वर्षांचा होता हा. माझा केसांचा आकडा घेतला आणि भिंतीतल्या प्लगात घातला. अख्ख्या गल्लीचे दिवे गेले. हा आपला कोपऱ्यात बसून हसतोय, भुवया जळलेल्या!

ठिणग्या : म्हणूनच, मॅडम, ह्या डबीला भिंतीतली वीज नाही. काय वाटेल ते झालं तरी अक्काच्या अंगाला ती लावणार नाही मी. फक्त सेल.

व्यायामबाई : ते बरोबरच आहे, काका. पण दवाखान्यातल्या मशीनवर ह्यांचा पंजा उघडतो. गेल्या मंगळवारी तर पाचही बोटं सरळ झाली.

ठिणग्या : तुमचं मशीन कपाटाएवढं आहे! मला साबणाच्या डबीत बसवायचंय. दोन पेन्सिल सेलवर महिनाभर चालायला हवं आणि सगळा खर्च एका शर्टाच्या शिलाईत बसायला हवा. हे तुमचंच म्हणणं ना?

व्यायामबाई : माझंच. आठवड्यातून एकदा अर्धा तास आमच्याकडे येऊन हात शिकत नाही हो. रोज हवं, घरी हवं. तुमचं हे जमलं तर आणखी अकरा जण वाट बघतायत माझ्याकडे.

अक्का : आधी माझा हात उघडू दे, मग लावा काय ती रांग.

व्यायामबाई : बघू तरी डबी. आत काय काय घातलंय?

ठिणग्या : म्हणजे कसं बघा. मूळ हिशेबात सेल दीड-दीड व्होल्टचे दोन. तेवढ्यानं स्नायू ढिम्म हलत नाही. म्हणून जुन्या रेडिओतला हा बारका ट्रान्सफॉर्मर, हा व्होल्टेज चढवतो. मग एक टोला. असे सेकंदाला पस्तीस टोले. पण प्रत्येक टोला इतका छोटा, की सेकंदातला जेमतेम शंभरावा भाग सर्किट जागं असतं. बाकीचा वेळ ढाराढूर झोप. म्हणून तर सेल संपत नाहीत.

अक्का : तुझ्यावर गेलंय अगदी.

व्यायामबाई : अक्का, तुम्ही कापायचं टेबल देऊन टाकताय म्हणे? कोपऱ्यावर तुमची ती शिष्या भेटली. एक तारखेला टेम्पो आणते म्हणाली.

अक्का : हो. मीच सांगितलं तिला.

ठिणग्या : कधी? मला बोलली नाहीस!

अक्का : तुला काय विचारायचं? टेबल माझं, हात माझा. आठ महिने झाले तो अर्धांगाचा झटका येऊन. पाय आला, जीभ आली...

ठिणग्या : जीभ तर पहिल्याच दिवशी आली.

अक्का : ...हात मात्र अर्धाच आला. कात्री धरता येते मला, घट्ट धरता येते. पहिला काप मारते, झकास. आणि मग मूठ मिटली ती मिटलीच. दुसऱ्या कापासाठी कात्री उघडायची तर बोटं उघडायला नकोत? रोज सकाळी त्या टेबलावरून हात फिरवायचा, कडेला ठोकलेल्या टेपवरचे आकडे वाचायचे आणि परत येऊन खुर्चीत बसायचं. नको वाटतं गं. डोळ्यांसमोर नसलं म्हणजे बरं.

ठिणग्या : एक तारखेला महिना आहे अजून.

अक्का : तेच म्हणते मी. एक तारखेपर्यंत उघडला तर उघडला.

व्यायामबाई : द्या हात इकडे. पॅड कुठे लावता, काका?

ठिणग्या : तुम्ही खूण केली होती तिथेच. कोपराच्या खाली, हाताच्या पाठीमागे. बोटं उघडणारे स्नायू तिथे. ते काही चिकटेनात, म्हणून अक्कानं डाव्या हातानं हा इलॅस्टिकचा पट्टा शिवून दिला.

व्यायामबाई : चिकटेनात? नवे पॅड असून?

ठिणग्या : हलक्या प्रतीचे असतील.

व्यायामबाई : अक्का, हाताला काय लावलंय हे? गुळगुळीत लागतंय.

अक्का : पावडर.

ठिणग्या : पावडर?

अक्का : त्यात काय एवढं ओरडायचं? रोज लावते, अंघोळ झाली की. कोपरापर्यंत. चाळीस वर्षं लावतेय. घामाचा हात साटीनला लागला की डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. आमच्या धंद्यात सगळेच लावतात.

व्यायामबाई : पण आता तर तुम्ही कापत नाही ना?

अक्का : कापत नसले म्हणून काय झालं? हात कापणाऱ्या बाईचाच आहे.

ठिणग्या : अगं, पण मला सांगायचंस ना! कोरड्या कातड्यावर कोरड्या पावडरचा थर! वीज आत शिरणार कुठून? तीन आठवडे मी सर्किटवर सर्किट करतोय, सेलमागून सेल वाढवतोय, दोन ट्रान्सफॉर्मर जाळले...

अक्का : तू इतके दिवस हात धरून बसतोस, तुला दिसली नाही?

ठिणग्या : कशी दिसणार? जन्मापासून तुझा हात असाच बघतोय. मला वाटायचं तुझा रंगच तो.

व्यायामबाई : दवाखान्यात मी आधी ओल्या कापसानं पुसून घेते हो. इतकं अंगवळणी पडलंय की तुम्हाला सांगायचं राहून गेलं. चुकलंच माझं. नेमकी किती लावता, अक्का? दाखवा बरं.

अक्का : हे बघ. डबा उजव्या हातात धरायचा, डाव्या हातानं पफ असा फिरवायचा. झालं. मग मात्र एकेक बोट उकलून डबा सोडवत बसायचं. पाच मिनिटं त्यातच जातात.

व्यायामबाई : डबा राहू दे हातात तसाच. मी पुसते. ओला कापूस... हां. आता पॅड. बघा, चिकटले की नाही लगेच! पट्टा नकोच. काका, लावा.

ठिणग्या : लावतो. एक, दोन...

अक्का : आई गं!

व्यायामबाई : काका! बटण खाली! शून्यावर आणा आधी!

ठिणग्या : आणलं, आणलं! मघाचं पूर्ण वर होतं, लक्षातच नाही... अक्का! लागलं का तुला? अक्का, बोल काहीतरी!

अक्का : डबा कुठे गेला?

व्यायामबाई : डबा काकांच्या अंगावर.

ठिणग्या : माझ्या तोंडात पावडर गेलीय.

अक्का : सुटला. ठिणग्या, डबा सुटला रे हातातून! मी बोटं नाही उकलली. आपण होऊन सुटला! ए, हसू नकोस, आरशात बघ जा, पांढरं भूत दिसतोयस. परत लाव. हळू लाव, पण परत लाव.

ठिणग्या : थांब. चार सेल काढतो. दोनच घालतो आणि पहिल्या दिवसाचं पहिलं सर्किट जोडतो.

व्यायामबाई : बघा. उघडला. पाचही बोटं.

ठिणग्या : दोन सेलवर! म्हणजे पहिलंच सर्किट बरोबर होतं! माझं चुकलं नव्हतं!

अक्का : माझी कात्री आण आधी. चुकलं कुणाचं ते मग बघू.

ठिणग्या : ही घे. जुनी चादर कापून बघ. आता नीट ऐक, मी वेळ लावून दिलीय. चार सेकंद हात उघडेल, सहा सेकंद विश्रांती. परत चार उघडेल.

अक्का : उघडला. आता कापड लावते... अरे, मिटला!

ठिणग्या : चारच सेकंद असतात.

अक्का : आता काप मारायचाय, तर हा उघडतोय! अरे, नको ना! वाकडं गेलं बघ. ही डबी काय माझा मुकादम आहे? तो म्हणेल तेव्हा मी उघडायचं? कापड असं घड्याळावर कापत नाहीत. गळ्याला वेगळा वेग, बाहीला वेगळा. मला हवा तेव्हा उघडला पाहिजे.

ठिणग्या : मग डाव्या हातात बटण देतो.

अक्का : डावा हात कापड धरेल की बटण? मला पाय मोकळा आहे. पायाखाली दे.

ठिणग्या : पायाखाली?

अक्का : माझ्या शिलाई मशीनच्या पायडलसारखं. जन्मभर पायानं मशीन चालवलं, आता पायानं हात चालवीन. दाबलं की उघडायचा, सोडलं की मिटायचा.

ठिणग्या : अक्का... अगं, मग सर्किट सारखं चालू ठेवायलाच नको. दाबशील तेवढंच चालेल. सेल महिना काय, दोन महिने पुरतील! हे माझ्या डोक्यात का नाही आलं?

अक्का : डोक्यात पावडर होती.

व्यायामबाई : आणि दुसरा फायदा सांगू? ठरावीक वेळेला हात आपोआप उघडला तर मेंदू बाजूला बसून राहतो. तुम्ही स्वतः ठरवून उघडलात, तर तोही शिकतो. पाय दाबताना दर वेळी मनात म्हणायचं, 'उघड'. विसरायचं नाही हं.

अक्का : मनात कशाला? मोठ्यानं म्हणीन. चाळीस वर्षं पोरींवर ओरडलेय ह्या खोलीत.

ठिणग्या : आणि हा लाल दिवा काढून टाकतो. सगळं सर्किट मिळून खात नाही तेवढं तो एकटा खातो.

अक्का : दिवा राहू दे रे. चालू आहे की बंद, ते कळतं.

ठिणग्या : तुला मुंग्या येतीलच की. मुंग्या आल्या म्हणजे चालू. फुकटचा दिवा.

(महिना संपत आला. टेम्पो उद्या यायचा होता. टेबलावर निळं साटीन पसरलं होतं आणि व्यायामबाई अजून चपला काढत होती, तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला.)

अक्का : उघड! ...उघड! ...ये गं. आले हं, एवढी बाही होऊ दे. उघड!

व्यायामबाई : अगंबाई! सबंध बाही एका दमात?

ठिणग्या : मॅडम, तुम्ही हे बघा. ही वही. रोजचे काप मोजलेत. पहिल्या दिवशी सात. काल दोनशे चाळीस. आणि सेल तेच! ओळखू यावेत म्हणून नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय दोघांना. एकोणतीस दिवस झाले, तेच दोन सेल! आणि डबी काही दमत नाही. तुमच्या अकरा जणांना सांगा, मेकॅनिक तयार आहे म्हणून.

अक्का : आठ दिवस मुंग्या मात्र येत नाहीत हं मला. मी ह्याला सांगितलं.

ठिणग्या : कातडी निबर झाली असेल. सवय होते अंगाला.

व्यायामबाई : इतकी नाही होत, काका. दोन्ही पॅड ओले आहेत?

अक्का : ओले आहेत. पावडरही सोडली मी. चाळीस वर्षांची सवय सोडली, तेवढ्यासाठी तरी मला बक्षीस द्या काहीतरी.

व्यायामबाई : मग मुंग्या यायलाच हव्यात. काका, सेल मोजून बघा बरं.

ठिणग्या : बघा की! मीटर आणलाच आहे तुम्हाला दाखवायला. एक पॉइंट पंचेचाळीस व्होल्टच्या खाली भरला तर नाव बदलीन. हे झाकण... हं. अक्का?

अक्का : काय?

ठिणग्या : सेल कुठायत?

अक्का : डबीत.

ठिणग्या : डबीत नाहीत.

अक्का : नाहीत म्हणजे? कुठे जातील... अगं बाई. रेडिओ!

ठिणग्या : रेडिओ?

अक्का : गेल्या बुधवारी ऐन गोष्टीच्या वेळी रेडिओ बंद पडला. आता खून कुणी केला ते सांगणार, आणि बंद! मी म्हटलं, पाच मिनिटांसाठी डबीतले काढते, मग परत घालते. आणि मग खून नोकरानं नाही, काकूनं केला असं निघालं, त्या नादात...

ठिणग्या : बघ, लाल ठिपके! रेडिओत आहेत! आठ दिवस! आठ दिवस मी वहीत लिहितोय, 'सेल उत्तम, थकवा नाही'!

अक्का : दिवा ठेवला असतास तर कळलं असतं.

व्यायामबाई : थांबा, थांबा दोघं. भांडण मग करा. अक्का, मग आठ दिवस हात कशानं उघडतोय?

अक्का : कशानं म्हणजे? पाय दाबते ना मी.

व्यायामबाई : डबी रिकामी आहे.

अक्का : पाय दाबते, 'उघड' म्हणते, उघडतो. रिकामी आहे? आत्ता ही बाही कापली तेव्हाही?

ठिणग्या : काल दोनशे चाळीस काप, अक्का. कोरड्या तारांवर.

अक्का : नका रे सांगू मला असं. आता नाही उघडणार. बघ, मिटला. दुसऱ्या बाहीत कात्री अडकली. साटीनच्या मधोमध अडकली! कळलं म्हणून गेलं सगळं. कशाला झाकण उघडलंत तुम्ही?

ठिणग्या : रडू नकोस, अक्का. सेल घालतो, एक मिनिट. मॅडम, हे झाकण धरा जरा...

व्यायामबाई : काका, सेल ठेवा खाली.

ठिणग्या : अहो, ती रडतेय!

व्यायामबाई : ठेवा. अक्का, माझ्याकडे बघा. पाय दाबा.

अक्का : त्याच्यात वीज नाही.

व्यायामबाई : तुमच्या पायात तर आहे? कालपर्यंत तेवढ्यावर भागलं. दाबा आणि म्हणा नेहमीसारखं.

अक्का : उघड.

व्यायामबाई : हे काय पुटपुटणं? पोरींवर असं ओरडायचात?

अक्का : उघड म्हणते ना, मेल्या! उघड!

ठिणग्या : अक्का...

अक्का : गप्प. हलवू नका कापड. उघड... उघड. झाली हीही बाही. घ्या.

ठिणग्या : कड बघ गं. कशी सरळ आलीय.

अक्का : मला फार भीती वाटत होती रे. महिनाभर वाटत होती. रोज उठून एक तारखेला किती दिवस उरले ते मोजायचे. तुला दिसू नये म्हणून तुझ्यावर ओरडायचे.

ठिणग्या : ते तू आधीपासूनच ओरडतेस.

अक्का : नाक पूस आधी. तुझंच वाहतंय. आणि त्या शिष्येला फोन लाव. म्हणावं, टेम्पो आणू नकोस, तू एकटी ये. लांब कापडाचं दुसरं टोक धरायला मला कुणीतरी लागतं. टेबल जायचं नाही.

ठिणग्या : वहीत काय लिहू पण? आजची नोंद?

अक्का : लिही, विजेचा खर्च काही नाही. ह्याहून कमी खाणारं सर्किट करून दाखव.

व्यायामबाई : काका, ही डबी मी आज घेऊन जाऊ का? एक सुतार आहेत, रंधा धरतात आणि सोडता येत नाही त्यांना. अक्कांसाठी दुसरी करा लगेच, हातानं आठ दिवस निभावलं म्हणून एकदम सोडायचं नाही. रोज अर्धा तास तरी हवीच.

ठिणग्या : चार दिवसांत करतो. दिव्यासकट.

व्यायामबाई : पायडलही द्या बरोबर. तारा गुंडाळा... हं, घातलं पिशवीत. डबी राहिली.

अक्का : ती माझ्याकडे आहे. थांब, मी दारापर्यंत येते तुझ्याबरोबर. सुताराला सांग, मोठ्यानं म्हणायचं. लाजायचं नाही. घे ही.

व्यायामबाई : सोडा की मग, अक्का.

अक्का : सोडते. थांब जरा... उघड.

व्यायामबाई : आली. पण अक्का, तुम्ही पाय दाबलात आत्ता. पायडल तर माझ्या पिशवीत आहे.

अक्का : ठाऊक आहे गं. फरशी आहे ना खाली.